झाडकामाची साधनं: नवीन माणसानं काय, कधी आणि कोणत्या क्रमानं घ्यावं

झाडं छाटण्याच्या, उतरवण्याच्या किंवा ओंडके काढण्याच्या कामात नव्यानं उतरणारा माणूस बहुतेक वेळा पहिला पैसा चेनसॉवर, म्हणजे साखळीच्या यंत्रकरवतीवर, घालतो. उरलेल्यात हेल्मेट, जमलं तर पँट, आणि कानस वगैरे नंतर बघू म्हणतो. हा क्रम उलटा हवा. यंत्राची ताकद कमी पडली म्हणून कोणी जायबंदी झालेलं मी पाहिलेलं नाही. बोथट साखळी, उघडे पाय आणि नको तिथे वापरलेला दोर यांनी मात्र चांगल्या कामाची माणसं अंथरुणाला खिळलेली पाहिली आहेत. म्हणून हा लेख खरेदीच्या क्रमानं लिहिला आहे: आधी अंगावरचं, मग हातातलं, मग यंत्र, आणि उंचीचं सामान सगळ्यात शेवटी.

१. आधी काम ठरवा, मग यादी करा

झाडकाम म्हणजे एकच काम नव्हे. जमिनीवर उभं राहून फांद्या कापणं, झाडावर चढून छाटणी करणं आणि जंगलात झाड पाडून ओंडके बाहेर काढणं या तिन्हींची साधनं वेगळी आहेत. तिन्हींचं सामान एकदम घ्यायला गेलात तर प्रत्येकातलं निम्मंच हाती येईल. माझं मत विचाराल तर सुरुवातीचा बराच काळ जमिनीवर काढा. खाली उभं राहून दोर सांभाळणाऱ्याला वरच्या माणसाचं काम जसं समजतं, तसं ते दुसरीकडे कुठेही समजत नाही.

२. अंगावरची साधनं

पहिल्या दिवशी हे सगळं लागतंच:

- हनुवटीच्या पट्ट्याचं हेल्मेट
- चेहऱ्यासमोर जाळी आणि आत चष्मा
- इअरमफ
- चेनसॉ पँट किंवा चॅप्स (पँटवरून पायांना बांधायचं आवरण)
- पुढे पोलादी टोपी आणि कापापासून संरक्षण असलेले उंच बूट
- पकड न घालवणारे हातमोजे
- अंगावर बाळगायची प्रथमोपचाराची लहान पिशवी आणि शिट्टी

हेल्मेट घेताना आतला शिक्का वाचा. ईएन ३९७ हे कारखाना आणि बांधकामावरच्या हेल्मेटचं युरोपीय मानक आहे. त्यातला हनुवटीचा पट्टा १५० ते २५० न्यूटन जोर आला की सुटतो, म्हणजे हेल्मेट कुठे अडकलं तर गळ्याला फास बसत नाही. ईएन १२४९२ हे गिर्यारोहणाचं मानक. त्यातला पट्टा ५०० न्यूटनपर्यंत सुटायचा नाही, कारण पडताना हेल्मेट डोक्यावर राहायला हवं. जमिनीवर काम करणार असाल तर पहिलं, चढणार असाल तर दुसरं. कवचाच्या आत बाणासह महिना आणि वर्ष कोरलेलं असतं, ती निर्मितीची तारीख. उन्हानं प्लास्टिक ठिसूळ होतं आणि ते वरून दिसत नाही, म्हणून जुनं हेल्मेट स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका.

कानांबद्दल लोक फार बेफिकीर असतात. पेट्रोलच्या चेनसॉचा आवाज १०० डेसिबलच्या वर जातो. ८५ डेसिबलचा आवाज ८ तास सहन करणं ही मर्यादा धरली, आणि प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा केला, तर १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं उरतात. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.

चेनसॉ पँट कशी वाचवते हे समजून घ्या, म्हणजे तिच्याकडून अवाजवी अपेक्षा राहणार नाही. तिच्या आत लांब, सैल धाग्यांचे थर असतात. साखळी कापडात शिरली की हे धागे ओढले जातात, स्प्रॉकेटमध्ये, म्हणजे साखळी फिरवणाऱ्या दातेरी चाकात, गुंततात आणि साखळी थांबते. पँटवर वर्ग लिहिलेला असतो: वर्ग १ ची चाचणी सेकंदाला २० मीटर वेगाच्या साखळीवर होते, वर्ग २ ची २४ मीटरवर, वर्ग ३ ची २८ मीटरवर. शिवाय प्रकार असतो. प्रकार ए मध्ये संरक्षण मुख्यतः पायाच्या पुढच्या बाजूला, प्रकार सी मध्ये सगळीकडून. जमिनीवर ए चालते. झाडावर शरीर कसंही वळतं, तिथे सी घ्या. बॅटरीच्या यंत्राची मोटर सुरुवातीपासूनच पूर्ण जोर लावते, त्यामुळे धाग्यांनी ते थांबेलच असं धरून चालू नका.

इथले सापळे दोन. साखळी एकदा लागून धागे बाहेर आले की पँट संपली. वरून शिवून घातलेली पँट पुढच्या वेळी थांबवणार नाही. दुसरं, ब्लीच किंवा भलत्या गरम पाण्यात धुतली की धागे एकमेकांना चिकटतात. लेबलवर लिहिलंय तसंच धुवा, पण धुवा जरूर. तेलानं माखलेले धागेही नीट सुटत नाहीत.

प्रथमोपचाराची पेटी गाडीत ठेवून उपयोग नाही. दाब देणारी मोठी पट्टी आणि टूर्निके (रक्तस्राव थांबवायला हातापायावर आवळायचा पट्टा) अंगावर, दोन्ही हातांपैकी कोणत्याही एका हातानं काढता येईल अशा जागी हवी. टूर्निके आवळायचा कसा हे प्रशिक्षकाकडून शिकून घ्या.

३. हातची हत्यारं

छाटणीची वाकडी करवत हे माझ्या मते या कामातलं सगळ्यात गुणी हत्यार आहे. तिचे दात ओढताना कापतात, त्यामुळे पातं पातळ असूनही वाकत नाही. ढकलताना जोर लावलात तर मात्र पातं मुडपतं. मनगटाएवढ्या जाडीच्या आतल्या बहुतेक फांद्यांना चेनसॉची गरजच नसते, आणि करवतीचा काप इतका साफ येतो की झाडाला जखम झाकून घेणं सोपं जातं.

छाटणी कात्रीचे दोन प्रकार मिळतात. एकीत दोन पाती एकमेकांना घासून जातात, दुसरीत एक पातं सपाट ऐरणीवर येऊन बसतं. ओल्या, जिवंत फांदीला पहिली. ऐरणीची कात्री फांदी चेचते, ती वाळलेल्या काड्यांसाठी ठेवा. लांब दांड्याची करवत घेतलीत तर एक गोष्ट कायम ध्यानात ठेवा: ॲल्युमिनियमचा दांडा वीज वाहतो. विजेच्या तारेजवळची फांदी हे नवीन माणसाचं काम नाही, दांडा कशाचाही असो.

या हत्यारांनी पहिल्या दिवसापासून तीन कापांची सवय लावा. जाड फांदी एका दमात वरून कापली की ती तुटताना खोडाची साल ओढून नेते. म्हणून पहिला काप खोडापासून वीतभर लांब, खालच्या बाजूनं, जाडीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत. दुसरा त्याच्या थोडा पुढे, वरून. फांदी तिथेच सुटते. उरलेला खुंट तिसऱ्या कापानं काढायचा, आणि तो फांदीच्या मुळाशी असलेल्या फुगीर कड्याच्या लगेच बाहेर. अमेरिकन वनशास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो यांनी हजारो खोडं उभी चिरून दाखवून दिलं, की झाड जखम बुजवत नाही, तिच्याभोवती भिंती घालून कुज आत पसरू देत नाही. ते कडं कापलंत तर ती भिंतच गेली. जखमेला रंग किंवा डांबर फासायचीही गरज नसते.

रोगट झाडावरून दुसऱ्या झाडाकडे जाताना पाती ७० टक्के अल्कोहोलनं पुसा. ब्लीचनं जंतू मरतात, पण पातंही गंजतं.

४. चेनसॉ निवडताना

इथे मोठं म्हणजे चांगलं हा हिशेब सोडून द्या. जमिनीवर फांद्या आणि मध्यम ओंडके कापायला ३५ ते ४५ सीसीचं यंत्र आणि १४ ते १६ इंची बार (साखळी जिच्या कडेनं फिरते ती पुढची पट्टी) पुरतो. नियमित झाडं पाडणारे ५० ते ६० सीसी आणि १६ ते २० इंची बार वापरतात. त्यापुढची यंत्रं वजनदार असतात, आणि दुपारनंतर दमलेल्या हातात ते वजन महागात पडतं.

वर एकच मूठ असलेलं छोटं यंत्र दिसायला सोयीचं वाटतं. ते झाडावर चढून काम करणाऱ्या प्रशिक्षित माणसासाठी बनवलेलं आहे. जमिनीवर ते एका हातानं चालवायचा मोह होतो, आणि एका हातात धरलेला चेनसॉ उसळला की थांबवता येत नाही. पहिलं यंत्र मागे मूठ असलेलंच घ्या.

विकत घेताना या गोष्टी हाताने तपासा: पुढच्या हातासमोरचा साखळीचा ब्रेक, वेग देणारा खटका, म्हणजे थ्रॉटल, चुकून दाबला जाऊ नये म्हणून त्यावर असलेला दुसरा खटका, तुटलेली साखळी अडवणारा कॅचर, मागच्या मुठीखालचा रुंद हातरक्षक, कंपन शोषणारी रबरं किंवा स्प्रिंगा, आणि अंगठ्यानं बंद होणारं बटण. वापरलेलं यंत्र घेत असाल तर ते सुरू करून, थ्रॉटल सोडून जमिनीपासून वर धरा. साखळी हलता कामा नये. हलत असेल तर क्लच किंवा कार्ब्युरेटरमध्ये काम आहे. विकणारा काहीही म्हणो, ते आधी करून मागा.

कंपन हा हळूहळू चढणारा त्रास आहे. वर्षानुवर्षं कंपन सोसलेल्या हातांची बोटं थंडीत पांढरी पडतात आणि बधिर होतात. युरोपीय संघाच्या २००२ च्या नियमात ८ तासांच्या सरासरीनं २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग ही दखल घेण्याची पातळी आणि ५ ही कमाल मर्यादा आहे. यंत्राच्या पुस्तिकेत कंपनाचा आकडा दिलेला असतो. दोन यंत्रांत निवड करताना मी अश्वशक्तीच्या आधी तो पाहतो.

बॅटरीचा चेनसॉ नवीन माणसाला चांगला आहे. आवाज कमी, धूर नाही, दोरी ओढणं नाही. धोका वेगळा आहे: तो शांत असतो म्हणून बंद आहे असं वाटतं. साखळीला हात लावण्यापूर्वी बॅटरी काढून बाजूला ठेवा, प्रत्येक वेळी.

साखळी बदलताना तीन आकडे जुळायला हवेत: पिच, गेज आणि ड्राइव्ह लिंकची, म्हणजे बारच्या खाचेत बसणाऱ्या दात्यांची, संख्या. पिच म्हणजे लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधलं अंतर भागिले दोन. गेज म्हणजे त्या दात्याची जाडी. पिच स्प्रॉकेटशी आणि गेज बारशी जुळलं नाही तर साखळी उतरते. हे आकडे बारवर कोरलेले असतात. त्याचा फोटो फोनमध्ये ठेवलात की दुकानात अंदाज बांधावा लागत नाही.

५. इंधन, तेल आणि सुरू करण्याची रीत

दोन-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोलमध्ये तेल मिसळावं लागतं. सध्याच्या बहुतेक यंत्रांना ५०:१, म्हणजे १ लिटरला २० मिली. पुस्तिकेत २५:१ लिहिलं असेल तर तेच पाळा. तेलाशिवायचं पेट्रोल चुकून भरलं तर पिस्टन फार लवकर ओरखडून जातो, म्हणून मिश्रणाच्या कॅनवर मोठ्या अक्षरांत लिहा. मिश्रण महिनाभरात संपेल एवढंच करा.

साखळीचं तेल वेगळं असतं आणि चिकट असतं, कारण ते फिरत्या साखळीवर टिकायला हवं. इंजिनातून काढलेलं काळं तेल वापरायची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. ते टिकत नाही, त्यात धातूचे कण असतात, आणि त्याचे शिंतोडे तुमच्या कातडीवर आणि मातीत जातात. तेल पोचतंय का हे पाहायला बारचं टोक फिक्या रंगाच्या पृष्ठभागाजवळ धरून थ्रॉटल द्या. तेलाची रेघ उमटली पाहिजे.

इंधन भरल्या जागेपासून किमान ३ मीटर दूर जाऊन यंत्र सुरू करा. जमिनीवर ठेवा, साखळीचा ब्रेक लावा, उजवा पाय मागच्या मुठीत रोवा, डाव्या हातानं पुढची मूठ दाबून धरा आणि उजव्या हातानं दोरी ओढा. हवेत लोंबकळत ठेवून झटक्यानं सुरू करणारे दिसतील. त्यांचं पाहून शिकू नका. पुढची मूठ धरताना डावा अंगठा तिच्याखालून वळलेला हवा.

आणि बारचं टोक. टोकाचा वरचा चतुर्थांश कशालाही लागला की यंत्र क्षणात तुमच्या चेहऱ्याकडे उसळतं. याला किकबॅक म्हणतात. ब्रेक असतोच, पण टोक कुठे आहे हे डोळ्यांना सतत ठाऊक असणं हा पहिला उपाय. खांद्याच्या वर यंत्र नेऊ नका, शिडीवरून चालवू नका.

६. धार: हे शिकल्याशिवाय पुढे जाऊ नका

या लेखातला एकच भाग मन लावून वाचणार असाल तर हा वाचा. बोथट साखळीला कापायला जोर द्यावा लागतो, जोर दिला की तोल जातो, बार तापतो, इंधन जळतं, माणूस दमतो, आणि दमलेला माणूस टोकाकडे पाहत नाही.

आजच्या साखळीच्या दाताचा आकार जो कॉक्स या अमेरिकन लाकूडतोड्यानं शोधला. १९४६ साली त्यानं लाकूड पोखरणारी अळी पाहिली. ती डावीकडून आणि उजवीकडून आळीपाळीनं लाकूड खात होती. साखळीतही एक दात डावा, एक उजवा असतो. प्रत्येक दातापुढे एक बुटका उंचवटा असतो, डेप्थ गेज. दात लाकडात किती खोल जाईल हे तो ठरवतो.

लागणारं साहित्य: साखळीच्या पिचप्रमाणे गोल कानस, तिच्यासाठी कोन दाखवणारी पट्टी, चपटी कानस आणि डेप्थ गेजची मापपट्टी. ३/८ इंच लो प्रोफाइल (बुटक्या दातांच्या) साखळीला ४ मिमी कानस, .३२५ इंचीला ४.८ मिमी, साध्या ३/८ ला ५.२ किंवा ५.५ मिमी. चुकीच्या जाडीची कानस दाताची धार खालून खाऊन टाकते.

कृती अशी. बार पक्क्या शिकंज्यात धरा, ब्रेक लावा. सगळ्यात आखूड दात शोधून त्यावर खूण करा. बाकीचे त्याच्या मापाला आणायचे आहेत. कानस दाताच्या आतून बाहेर ढकला, बहुतेक साखळ्यांना ३० अंशांच्या कोनात. दातावर तशी रेघ कोरलेली असते. ढकलताना कापा, मागे आणताना उचला. ओढून घासलीत तर कानस बोथट होते. प्रत्येक दाताला सारखेच घाव, आधी एका बाजूचे सगळे दात, मग दुसऱ्या बाजूचे. काही वेळा धार लावून झाली की डेप्थ गेज उंच राहतात. मापपट्टी ठेवून वर आलेला भाग चपट्या कानशीनं उतरवा. सर्वसाधारण माप ०.६५ मिमी. उतावळेपणानं जास्त उतरवलंत तर साखळी लाकडाला हिसके देते आणि किकबॅकचा धोका वाढतो.

धार गेली हे कसं ओळखायचं? पडणारा भुसा पाहा. जाडसर, लांबट चिपा पडत असतील तर ठीक. पिठासारखी पूड पडू लागली की थांबा. काप एका बाजूला वळत असेल तर त्या साखळीचे एका बाजूचे दात लांब किंवा जास्त धारदार आहेत, किंवा बारच्या कडा असमान झिजल्या आहेत. म्हणून बार अधूनमधून उलटा करून बसवा आणि त्याची खाच साफ करा. दात ४ मिमीपर्यंत झिजला की साखळी टाकून द्या. इंधनाची टाकी भरताना दोन-तीन घाव मारण्याची सवय लावलीत तर साखळी कधी पूर्ण बोथट होतच नाही.

साखळीचा ताण: हातमोजा घालून ओढली तर मोकळी फिरावी, पण बारच्या खालच्या कडेला लोंबू नये. नवी साखळी पहिल्या तासाभरात सैल होते, तेव्हा वारंवार तपासा. तापलेली असताना आवळलेली साखळी थंड झाल्यावर आकसून बारवर ताण देते, म्हणून काम संपलं की सैल करून ठेवा.

७. झाड पाडण्याची आणि ओंडके हलवण्याची साधनं

झाड पाडणं वाचून येत नाही. जाणत्याच्या हाताखालीच शिका. साधनं मात्र ओळखून ठेवा. पाचर प्लास्टिकची घ्या, निदान दोन-तीन. कापाच्या मागे ती ठोकली की झाड मागे बसून बार अडकवत नाही, आणि साखळी चुकून तिला लागली तरी दात वाचतात. लोखंडी पाचरीला लागली तर गेले. ठोकायला बोथट बाजूची कुऱ्हाड. मोजपट्टी जवळ हवी, कारण खोडाच्या मध्ये न कापता सोडलेली बिजागरी साधारण व्यासाच्या दहाव्या हिश्शाएवढी जाड ठेवतात: ४० सेंटिमीटर खोडाला ४ सेंटिमीटर. झाड कोणत्या दिशेला पडेल हे तीच सांभाळते. काप सुरू करण्यापूर्वी पडण्याच्या दिशेच्या उलट, तिरकी ४५ अंशांची पळवाट मोकळी करा, आणि इतरांना झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर ठेवा.

ओंडका वळवायला लांब दांड्याला आकडा लावलेलं पीव्ही नावाचं साधन वापरतात. १८५८ च्या सुमारास अमेरिकेच्या मेन राज्यातल्या जोसेफ पीव्ही या लोहारानं ते घडवलं, आणि आजही त्याची रचना फारशी बदललेली नाही, कारण बदलण्यासारखं काही नाही. पाठीसाठी यापेक्षा चांगली खरेदी नाही.

विंच (दोर गुंडाळून ओढणारं यंत्र) लावताना दोर ताणलेला असेल तेव्हा त्याच्या रेषेत उभं राहू नका. तारेचा दोर तुटला की दोन्ही टोकं चाबकासारखी फिरतात. कप्पीतून दोर मागे वळवला तर ज्या झाडाला कप्पी बांधली त्यावर जवळजवळ दुप्पट ओढ येते. बारीक झाड निवडलंत तर तेच उपटून येईल.

८. चढाईचं सामान

हे प्रशिक्षणानंतरच घ्या. हार्नेस (अंगाला बांधायचे पट्टे), ११ ते १३ मिमीचा कमी ताणणारा चढाईचा दोर, कमरेचा आखूड दोर, तीन हालचालींशिवाय न उघडणारे कॅराबिनर (दोर अडकवायच्या कड्या), आणि फांदीवर दोर नेण्यासाठी बारीक दोरीला बांधलेली वजनाची पिशवी. झाडावर चेनसॉ चालवताना शरीर दोन स्वतंत्र जागी बांधलेलं असावं, म्हणजे एक दोर कापला गेला तरी दुसरा धरतो. काटेरी चढाईचे बूट फक्त काढून टाकायच्या झाडाला. जगवायच्या झाडात प्रत्येक काट्याची जखम राहते.

चढाईचा दोर आणि ओझं उतरवायचा दोर कधीही एक करू नका. उतरवायच्या दोराला ओंडक्याचे हिसके बसतात आणि त्याचे आतले धागे झिजतात, वरून तो नवा दिसला तरी. दोन रंगांचे दोर घ्या, म्हणजे गल्लत होणार नाही. ओझ्याच्या दोरावर तो तुटण्याच्या भाराचा दहावा हिस्साच टाकतात. गाठ मारली की दोराची ताकद लक्षणीय घटते, आणि पडणारा ओंडका अडवताना भार त्याच्या वजनाच्या कितीतरी पट होतो.

९. चिपर

फांद्यांचा चुरा करणारं हे यंत्र चालवताना सैल बाह्या, लोंबणारे दोर आणि मनगटावर सैल असलेले हातमोजे नकोत. बाजूला उभे राहा, जाड बुडखा आधी घाला, सोडून द्या, मागे वळा. अडकलेली फांदी पायानं ढकलायची नाही. यंत्र थांबवणारी आपत्कालीन दांडी रोज सकाळी चालवून पाहा.

१०. जवळ ठेवायचे कागद

- प्रत्येक यंत्राची पुस्तिका, निदान फोनमध्ये
- प्रशिक्षणाचं आणि प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र
- विमा, तुमचा आणि दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीचा
- झाड कापायला परवानगी लागत असेल तर ती लेखी. मालकाच्या तोंडी शब्दावर काम सुरू करू नका
- दोर, हार्नेस आणि कॅराबिनर यांची वही: खरेदीची तारीख, अनुक्रमांक, तपासणीच्या तारखा, काढून टाकल्याची तारीख

ही वही लोक टाळतात, कारण रोज सगळं डोळ्यांसमोर असतं. पण दोराला जोराचा हिसका बसला होता की नाही, ॲसिड किंवा पेट्रोल सांडलं होतं का, हे काही महिन्यांनी कोणाला आठवत नाही. दोर दर वेळी हातातून सरकवून मऊ, कडक किंवा चपटी जागा लागते का पाहा. कापडी सामान न वापरताही जुनं होतं. उत्पादकानं दिलेली मुदत वहीत पहिल्याच दिवशी लिहा. काढून टाकलेला दोर तुकडे करून टाका, नाहीतर कोणीतरी तो उचलून पुन्हा कामाला लावेल.